दहा मिनिटांची सुई

महिपतराव इंगळ्यांचा हात म्हणजे बिजली! रियासतीच्या फौजेच्या दवाखान्यात त्यांनी पंधरा वर्षं सुया टोचल्या. पलटण रांगेत उभी, बाह्या वर, आणि मिनिटाला चार शिपाई. पहिला "आई गं" म्हणेपर्यंत महिपतराव तिसऱ्याच्या दंडाला भिडलेले असत. मग रियासत विलीन झाली, फौज हिंदुस्थानच्या सैन्यात गेली आणि चाळिशी उलटलेल्या महिपतरावांना घरी बसवलं. वर्दी गेली, हुद्दा गेला, तोरा तेवढा राहिला. तो घेऊनच ते त्याच शहरातल्या दौलतगंजात डॉक्टर आपट्यांकडे कंपाउंडर झाले.

त्रेपन्नच्या थंडीत एका सकाळी जयेंद्रगंजातल्या शांताताई मुळ्यांना टांग्यातून आणलं. दम्याचा जुना आजार, त्यात श्वास पार अडकलेला. सोबत सून शरयू, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली. डॉक्टरांनी तपासलं, शिरेतून अमिनोफायलीन हे दम्याचं औषध द्यायला सांगितलं आणि दुसऱ्या रोग्याकडे निघता निघता बजावलं, "महिपतराव, घड्याळ समोर ठेवा. पुरी दहा मिनिटं. बिलकुल जल्दी नको."

एका सुईला दहा मिनिटं! पलटणीत कुणी ऐकलं असतं तर पोट धरून हसलं असतं. शांताताई तडफडत होत्या, सून रडकुंडीला आली होती, आणि महिपतरावांना आपली करामत दाखवायची खुमखुमी आली. दुसरं काय? शीर एका टोचणीत सापडली आणि अर्ध्या मिनिटात पिचकारी रिकामी.

शांताताईंनी छातीवर हात मारला. "धडधडतंय गं!" एवढंच बोलल्या आणि कलंडल्या. अंगाला गार घाम, ओठ काळेनिळे, नाडी हाताला लागेना. महिपतरावांनी दाराशी धावत जाऊन हाका मारल्या. नशीब की डॉक्टर कोपऱ्यावरच होते. पळत आले, पाय उंच करवले, नाडी उचलायला कोरामीन टोचलं. अर्ध्या तासानं बाईंनी डोळे उघडले.

"किती वेळ लावलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"नऊ-दहा मिनिटं, साहेब." शब्द तोंडातून निघून गेले. आणि तेवढ्यावर थांबावं ना माणसानं? नाही! ते शरयूकडे वळले. "घरून काही पाजलं होतं का?"

"कोरा चहा," पोर चाचरत म्हणाली. "कडक, दोनदा. दम लागला की आई मागतात."

"मग तेच बाधलं," महिपतराव म्हणाले. डॉक्टर नुसतेच हूं म्हणाले. खाटेवर पडल्या पडल्या शांताताईंनी ते ऐकलं.

आता शिकलेले लोक सांगतात, आपल्याच अंगात अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो हृदयाला म्हणतो, जरा दमानं घे. दम्याचं ते औषध त्याची जागा अडवतं, आणि चहासुद्धा अडवतो. सावकाश दिलं तर अंग सोसतं. एकदम घातलं तर हृदय उधळतं आणि रक्ताचा दाब धाडकन पडतो. म्हणजे चहा त्याच कुळातला, हे खरं. पण दोन कप चहानं बाई खाटेवरून कलंडत नाही हो! त्या वेळी महिपतरावांना अ‍ॅडेनोसिन ठाऊक नव्हतं. अर्धं मिनिट मात्र पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवसापासून शांताताईंनी सुनेच्या हातचं पाणीसुद्धा सोडलं. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत सांगू लागल्या, "मला चहा पाजून वर पाठवत होती." शरयू औषध न्यायला आली की "नमस्कार, काका" म्हणायची आणि महिपतरावांना बाटलीवरची नजर वर उचलवायची नाही. स्वतःचीच घृणा वाटायची. जयेंद्रगंज टाळायला ते पाटणकर बाजारावरून वळसा घेऊन घरी जात. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तीन वर्षं सरली.

छप्पन्न साली राज्यांची नवी मांडणी झाली, राजधानी इथून भोपाळला गेली. कचेऱ्या निघाल्या, तसा सरकारी नोकरीतला शांताताईंचा मुलगा मधुसूदनही निघाला. शांताताईंनी अट घातली: "मी येईन, ही नाही. हिला उज्जैनला माहेरी सोड." डॉक्टरांकडून हे कानावर आलं आणि महिपतरावांना अन्न गोड लागेना. दुसऱ्या सकाळी ते मुळ्यांच्या दारात उभे राहिले.

खोल्यांत पेट्या बांधून ठेवल्या होत्या. महिपतरावांनी हात जोडले आणि सगळं सांगितलं. घाई, अर्धं मिनिट, खोटं बोलणं, सगळं. "सूनबाईंचा काही दोष नाही. गुन्हेगार मी आहे."

शांताताई हसल्याच. "तुमचा हात? अहो, मुंगी चावल्यासारखंही लागत नाही!" मग चेहरा कडक झाला. "हिनंच रडून-भेकून पाठवलंय तुम्हाला. पाहिलंस ना मधू, किती पोचलेली आहे ती?"

"आईची आण घेतो, बाई!"

"नका घेऊ. भले आहात तुम्ही, दुसऱ्याचं पाप अंगावर घेताय." मधुसूदन पेटीच्या दोरीला गाठ मारत राहिला.

महिपतराव पुन्हा तोंड उघडणार, तोच शरयू पुढे आली. "काका, पुरे. त्या दिवशी बोलला असतात तर ऐकलं असतं सगळ्यांनी. आता जितकं बोलाल तितकं माझ्यावरच येईल."

महिपतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाराशी चपला शोधू लागले, पण डोळे भरलेले, काही दिसेना. शेवटी तिनंच त्या त्यांच्या पायांपुढे सरकवल्या.

रविवारी मुळ्यांचं सामान भोपाळला गेलं. शरयू एकटी उज्जैनच्या गाडीत बसली.