रेतीवरच्या कुमुदताई

कुमुदताई पांढरे कॅनव्हासचे बूट घालून गोल्फ खेळायच्या, आणि होलजवळ पोचल्या की ते काढून बाजूला ठेवायच्या. सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर उन्हाची टोपी आणि पाय अनवाणी. चेंडूपासून होलपर्यंत कडेकडेनं सावकाश चालत जायच्या, तशाच परत यायच्या आणि मग पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायची काठी, हातात घ्यायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंच्या कानातलं वगैरे काही पडलं असावं. शोधू लागू का, असं मी विचारलं. "उतार शोधून राहिली मी," त्या म्हणाल्या. "तू शोधून देतो का?"

त्या अकोल्याच्या. आमच्या कारखान्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि मी स्टोअर्समध्ये. लग्न केलेलं नव्हतं. उभी हयात बोईसरमध्ये काढली तरी बोलणं अकोल्याचंच राहिलं होतं. माझ्याहून चांगल्या मोठ्या, त्यामुळे मला अरे-तुरे आणि मी त्यांना ताई. कारखान्यात भले भले त्यांना वचकून असायचे. मैदानावर मात्र त्या हसायच्या.

हे मैदान आमच्या वसाहतीच्या मागे, तारापूरच्या बाजूला, खाडीच्या बांधाला लागून आहे. गोल्फ म्हटलं की लोकांना हिरवंगार काहीतरी दिसतं. आमच्याकडे ते विसरा. जमीन खाजणाची, खारट. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढणार आणि होळीनंतर सगळं करपणार. म्हणून आमच्या होलभोवती हिरवळ नाही, रेतीचं गोल अंगण आहे. रेतीत गाड्यांचं काळं पडलेलं ऑइल कालवून ती चोपून बसवतात. त्याला ब्राउन म्हणतात. होलमध्ये कप म्हणून कारखान्यातल्या लोखंडी पाइपाचा तुकडा पुरलेला, त्यामुळे चेंडू पडला की टण्णकन वाजतो. खेकड्याच्या बिळात चेंडू गेला तर दंड नाही, हा आमचा खास नियम. सहाव्या होलवर म्हशी बसलेल्या असल्या तर त्या उठेपर्यंत थांबायचं, हाही नियमच. बांधावरून नवापूरच्या मासळीवाल्या जाताना ओरडून सांगायच्या, "बाय, तितं नको बघू, चेंडू तितं नाय हाय, चिकलात गेला." आणि तो चिखलातच असायचा.

ब्राउनवर पावलं उमटतात. त्यामुळे पटिंग करण्याआधी चेंडूपासून होलपर्यंतचा पट्टा सारखा करून घ्यावा लागतो. बांबूला गोणपाट ठोकलेलं असतं, ते ओढायचं. एकदाच ओढायचं. आणि आमच्याकडची रीत अशी की आपला पट्टा आपण ओढायचा नाही, तो समोरच्यानं ओढून द्यायचा. आपल्याला हरवायला आलेला माणूसच आपली वाट सारखी करून देतो, हे मला आधी फार विचित्र वाटायचं. कुमुदताई माझा पट्टा इतक्या मन लावून ओढायच्या की वाटावं, सणाला दारापुढची जमीन सारवताहेत. "नीट ओढून दिला आहे," म्हणायच्या. "आता चुकला तर तुझा तू चुकला."

आणि मी चुकायचो. माझं पटिंग म्हणजे विनोद होता. चेंडूला पटर लागायच्या आत मान वर व्हायची आणि चेंडू भलतीकडे जायचा. त्यांनी मला सुटीच्या दिवशी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात बोलावलं. स्टीलचा पेला आडवा ठेवला आणि म्हणाल्या, "मनगट गप्प ठेव. खांद्यांनी ढकल. आणि पाहू नको." मी म्हटलं, पाहिल्याशिवाय कळणार कसं? "पडला तर तो सांगते ना. नाही सांगितलं तर पाहून काय करशील बाप्पा?" चार-सहा महिने त्या पेल्यानं माझा जीव खाल्ला. बायको म्हणायची, ऑफिसात काम नसेल तर घरी या, इथं पेले घासायचे आहेत. पण हळूहळू मान खाली राहू लागली. एका रविवारी लांबून मारलेला चेंडू टण्ण वाजला आणि मी वर पाहिलं, तर त्या माझ्याकडे न पाहता बूट घालत होत्या. "काहून उभा आहे? चाल पुढं," एवढंच म्हणाल्या. मला त्या दिवशी प्रमोशन मिळाल्याचा आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

या मैदानानं आम्हाला बाहेर कुठं खेळण्यालायक ठेवलं नाही, ही गोष्ट वेगळी. भाच्यानं मला एकदा पुण्याच्या एका बड्या क्लबात नेलं. चेंडू हिरवळीवर आला आणि मी पटर घेऊन उभाच राहिलो, कोणी पोतं ओढेल म्हणून. कोणी हालेना. शेवटी मीच बुटानं चेंडूपासून होलपर्यंत घासत गेलो. सोबतचे तिघं गृहस्थ मी त्यांच्या देवघरात चपला घालून गेल्यासारखे बघत राहिले. दंड झाला तो झालाच, वर भाच्यानं परत नेलं नाही. कुमुदताईंना हे सांगितलं तर त्या बांधावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "ते गवत चांगलंच असेल रे. पण तिथं आपल्यासाठी कोणी ओढत नाही, तर मग खेळायचं कोणासोबत?"

निवृत्त झाल्यावर त्यांनी बोईसरमध्येच वन रूम किचन घेतलं, मैदानापर्यंत रिक्षानं येता येईल असं. मग काचबिंदू निघाला. औषधं घातली, ऑपरेशन झालं, पण गेलेली नजर आली नाही आणि राहिलेलीही जाऊ लागली. आधी कडा गेल्या. मला त्यांनी स्पष्ट सांगितलं. "सुभाष, मला आता होल दिसत नाही. त्यात झेंडा असला तर त्याचा रंग दिसते थोडा. वसंताला कळलं तर तो मला अकोल्याला घेऊन जाईल. मला नाही जायचं." वसंता म्हणजे धाकटा भाऊ, निवृत्त शिक्षक. मी म्हटलं, कळणार नाही. त्यानंतर आम्ही रोज सकाळी फक्त पटिंग करायचो. पट्टा मी ओढायचो आणि होलपाशी उभा राहून पटरनं पाइपावर ठकठक करायचो. त्या आवाजाच्या दिशेनं त्या मारायच्या. गंमत अशी की आधीपेक्षा जास्त चेंडू पडायचे.

पण एक दिवस ताई गॅसवर दूध ठेवून विसरल्या, हात भाजला, शेजारणीनं फोन केला आणि वसंतराव आले. मला त्यांच्याशी भांडायचं होतं. भांडता येईना, कारण माणूस सरळ होता आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. "ताई, तू एकटी कशी राहशील सांग ना," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ताईंनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी मैदानावर ये. नवव्या होलवर ब्राउनच्या काठावरून एक पट मारते. पडला तर मी इथं राहीन आणि तू पुन्हा विषय काढायचा नाही. नाही पडला तर तुझ्यासोबत गाडीत बसते." वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना बहीण ठाऊक होती, ते हो म्हणाले.

सकाळी आम्ही तिघंच होतो. बोईसरच्या बाजूनं कारखान्यांचा तो नेहमीचा वास येत होता आणि बांधापलीकडे भरतीचं पाणी चढत होतं. ताईंनी बूट काढले. चेंडू ठेवला. मी पोतं उचललं. आणि काय सांगू, त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं मला. गोणपाटावर मधोमध पाय दाबून ओढलं तर रेतीत बारीकशी पन्हळ पडते. चेंडू तिच्यात शिरला की थेट पाइपातच जातो. वसंतरावांना हे समजण्याचं कारण नव्हतं. मी तसंच ओढलं, आणि होलपाशी जाऊन ठकठक केली.

ताई कडेकडेनं चालत आल्या. मध्येच थांबल्या, पायाचा अंगठा पट्ट्यावर टेकवला आणि हळूच आडवा फिरवला. त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. "सपाट कर," त्या म्हणाल्या. मी पाइपावर पुन्हा ठकठक केली. "सुभाष, सपाट कर बाबा. मी अशी नाही राहणार इथं."

मी पुन्हा ओढलं. त्या मागे गेल्या, उभ्या राहिल्या, खांदे हलले. चेंडू सरळ आला. मला शपथेवर विचाराल तर तो पडणारच होता. पाइपाच्या ओठाशी आला, कडेला टेकला आणि तिथंच थांबला. ताई मान खाली घालून ऐकत उभ्या होत्या. आम्ही दोघं पाहत होतो आणि त्या ऐकत होत्या, आणि आमच्यापैकी कोणालाच त्यांना सांगवेना. वसंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शेवटी ताईंनीच विचारलं, "किती राहिला?"

"बोटभर," मी म्हणालो.

"चांगला मारला मग," त्या म्हणाल्या आणि बूट चाचपू लागल्या. वसंतरावांनी खाली बसून ते त्यांच्या पायात घातले.

दोन दिवसांनी ते दोघं गेले. मी स्टेशनवर गेलो नाही. मला जमलं नसतं. आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. पहिल्याच फोनवर त्यांनी बजावलं, "गोल्फचं काही सांगू नको. बाकी सगळं सांग." मग मी बाकी सगळं सांगतो. पापलेट किती महाग झालं, मनोरच्या रस्त्यावर किती खड्डे पडले, माझ्या बायकोचे गुडघे कसे दुखतात. त्या हं हं करतात. मला इतकी आठवण येते त्यांची की कधी कधी मीच विषय काढायला जातो आणि जीभ आवरतो.

गेल्या रविवारी फोन ठेवता ठेवता त्या थांबल्या. म्हणाल्या, "वारा कुठून आहे रे आज?"

मी फोन कानाला लावूनच गॅलरीत गेलो. "खाडीकडून," मी म्हटलं.

"म्हणजे आज चेंडू आखूड पडतील," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.