तुऱ्यासकट मामा

पणदऱ्याचा आमचा रवींद्रदादा फोटोग्राफर आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही. जेवायला बसला तरी आईला म्हणतो, जरा उजेडाकडं सरकून वाढ. रस्त्यात कुणी पत्ता विचारला तर आधी त्याला हनुवटी खाली घ्यायला सांगतो, मग पत्ता सांगतो. बारामतीत त्याचा स्टुडिओ आहे, पण लग्नसराईत तिथं फक्त कुलूप भेटतं.

दादाचा धंदा चालतो नवरा-नवरीवर, आणि अडतो रुसलेल्यांवर. आमच्या भागात लग्नात कुणीच रुसलं नाही तर वऱ्हाडाला जेवण अळणी लागतं. एखाद्याला फेटा उशिरा बांधला, एखाद्याचं नाव माईकवरून पुकारायचं राहिलं, की तो पाव्हणा उठून जीपमध्ये जाऊन बसतो. तेही केव्हा, तर घरच्यांचा फोटो निघायच्या ऐन वेळी. फोटोत रिकामी राहिलेली जागा जन्मभर भिंतीवर दिसते, हे रुसणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मग जीपच्या दाराशी माणसं हात जोडून उभी, आणि इकडं कॅमेरा गळ्यात घालून दादा उन्हात उभा.

नव्व्याण्णव साली दादानं त्यावर तोड काढली. फ्लॉपीवर फोटो काढणारा कॅमेरा त्यानं पुण्याहून आणलाच होता. आता वापरलेला लॅपटॉप घ्यायचा, रुसलेल्या पाव्हण्याला हळदीच्या फोटोतून अलगद उचलायचा, घरच्यांच्या रांगेत बसवायचा आणि जीपपाशी जाऊन दाखवायचं, की तुमी हायसाच फोटोत, आता जेवायला चला.

प्रश्न उरला एकच. लॅपटॉप केवढा घ्यायचा?

पुण्याच्या दुकानात दोन होते. एक शाळेतल्या पाटीएवढा, दुसरा चहाच्या ट्रेएवढा आणि वजनाला पाट्यासारखा. दुकानदार शुद्ध तुपातलं मराठी बोलणारा. "आपला वापर नेमका कशासाठी असेल?" असं त्यानं विचारलं. दादा म्हणाला, रुसलेल्या माणसांना दाखवायला. दुकानदार उठून पाणी प्यायला, आणि परत येऊन म्हणाला की एखादं लग्न वापरून बघा, नाही पटला तर बदलून देऊ.

घरी दादाच्या आईनं, सरूमावशीनं, एकच अट घातली होती. "आबाला चष्म्याबिगर दिसंल असला आण."

आबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, भवानीनगरचे आबासाहेब. गावच्या दूध संस्थेचे चेअरमन झाले त्या दिवशी त्यांचा सत्कार झाला, फोटो दादानं काढला आणि फेट्याचा तुरा वरून कापला गेला. चेअरमन आले, तुरा आला नाही. तेव्हापासून आबासाहेब भाच्याच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहत नव्हते. आता मावशीच्या अंजलीचं लग्न ठरलं होतं. मावशीला मानपान नको होता, बँड नको होता, पोरीच्या लग्नाच्या फोटोत भाऊ पाहिजे होता. आणि आबासाहेबांना जवळचं दिसत नाही, पण चष्मा खिशातून बाहेर काढला तर चेअरमनपद जाईल असं त्यांना वाटतं.

दादानं आईचं न ऐकता लहान उचलला. मोटरसायकलच्या पिशवीत बसतो, म्हणाला. सोमेश्वरनगरच्या लग्नात त्याची परीक्षा झाली. तिथं घरचे थोरले जावई बाजीराव रुसून जीपमध्ये बसले होते. दादानं त्यांना रांगेत बसवलं आणि लॅपटॉप पानाच्या तबकासारखा पुढं धरला. बाजीरावांनी हात लांब करून, डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"ह्यो मी? एवढासाच?"

दादानं समजावलं की सगळेच तेवढे आहेत, नवरदेवसुद्धा. बाजीराव म्हणाले, जावयाला मुंगळ्याएवढा दाखवायची ह्या घरची रीतच हाय. आणि जीपचं दार लावून घेतलं. पुढच्या गावात दादा पोचायच्या आत बातमी पोचली होती. तिथला रुसलेला चुलता आधीच विचारून बसला, मला मोठ्यात दाखवणार का बारक्यात?

दादा मुकाट्यानं पुण्याला गेला आणि ट्रेएवढा घेऊन आला. त्यात माणसं टपोरी दिसायची. बाजीरावांनाही बोलावून दाखवला, त्यांची तक्रार मिटली. फक्त त्याची बॅटरी एका पंगतीपुरती. दुसरी पंगत बसली की पडदा काळा, मग वायर लावून एका जागी बसायचं. फिरता यावं म्हणून घेतलेलं यंत्र मांडवातल्या खांबाला दाव्यानं बांधल्यासारखं झालं.

अंजलीच्या लग्नाला आबासाहेब आले. मामा म्हणून नवरीमागं उभे राहिले, अक्षता टाकल्या, पण दादानं कॅमेरा उचलला की पाठ फिरवायचे. त्या दिवशीच्या निम्म्या फोटोंत मामाची नुसती पाठ आहे, चांगली इस्त्रीची. घरच्यांच्या फोटोची वेळ झाली तसे ते रस्ता ओलांडून उसाच्या रिकाम्या ट्रेलरवर जाऊन बसले. मिशीला पीळ देत, मीटिंगमध्ये बोलतात तसं शेजारच्याला सांगत होते, "मुद्दा काय हाय, आमाला फोटोची हौसच न्हाय." आणि डोक्यावर तुरा असा, की लांबून वाटावं ट्रेलरवर मोर बसलाय.

दादानं घाईघाईनं त्यांना रांगेत चिकटवलं. पण त्याच्याकडं मामाचा तोंडाकडून काढलेला फोटो एकच होता. तोच, सत्काराचा, फ्लॉपीवर राहिलेला. तेवढ्यात दुसरी पंगत बसली आणि बॅटरी संपली. जनरेटरची वायर ओढून पाहिली, ती आचाऱ्याच्या चुलीपर्यंत आली आणि थांबली. पुढं रस्ता, पलीकडं मामा.

मावशीचं तोंड एवढंसं झालं. मग पदर खोचून ती स्वतःच रस्ता ओलांडून गेली.

"आबा, फोटूत तू हायेस."

"मी हितं हाय, आक्का. तितं कसा असंन?"

"रवीनं बसवलाय तुला कॉम्प्युटरात. अंजीच्या शेजारी." मावशीनं त्यांच्या फेट्याकडं पाहिलं. "तेवडा तुरा न्हाय आला."

आबासाहेब ट्रेलरवरून उतरले ते भाषणाला उठल्यासारखे. मांडवात येऊन, वायर लावून चालू केलेल्या पडद्यापासून चार हात लांब उभे राहिले, आणि चष्म्याबिगर त्यांना सगळं स्वच्छ दिसलं. भाची हसरी, जावई घामाघूम, आणि मध्ये आपण, वरून सपाट.

"मुद्दा काय हाय रवी, दोनदा? एकाच मानसाचा तुरा दोनदा?"

दादानं मान खाली घालून सांगितलं की कॉम्प्युटर असलेलं उचलतो, नसलेला तुरा कुठनं आणणार? नवा फोटो पाहिजे.

"मंग काढ की! बघत काय बसलाईस?"

मावशीनं भावाची बाही पकडली, ती सोडलीच नाही. तसंच ओढत त्यांना अंजलीशेजारी नेलं. दादानं ह्या खेपेला जन्माचा धडा घेतल्यासारखी वर एवढी जागा सोडली, की तुऱ्यावर आणखी एक तुरा मावला असता. हनुवटी खाली, नजर हितं, आणि फ्लॅश पडला.

लॅपटॉपवर फोटो उघडला तेव्हा तुरा शेंड्यापर्यंत आला होता. आबासाहेबांनी त्याच्याकडं बघून मान हलवली आणि पंगतीला बसले, कुणी न बोलावता. मग दादाच्या ध्यानात आलं. वर बघण्याच्या नादात कडेची आई कापली गेली होती. मावशी फोटोत नव्हतीच, नुसता मनगटापर्यंतचा हात, हिरव्या बांगड्या आणि मुठीत धरलेली मामाची बाही.

दादाचा चेहरा पडला. म्हणाला, थांब, हळदीतनं उचलून तुला आत्ता बसवतो. लॅपटॉप आहेच त्यासाठी.

मावशीनं पडद्याजवळ जाऊन नीट पाहिलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हात आलाय न्हवं. कुनी धरून आणला, तेवडं कळतंय."