मीठ चाखलं म्हणून

काकूंनी आमटी सिंकमध्ये ओतली. सगळी. पातेलं तिरकं धरून, हळूहळू, मला दिसेल अशी. तुरीची डाळ जाळीवर अडकली, ती नळाच्या धारेनं ढकलली. मग पातेलं माझ्या हातात दिलं.

"दोनदा घासा. आणि यापुढे आपण चाखत जाऊ नका."

रोज मला 'तू' म्हणायच्या. राग आला की 'आपण'.

मी काय केलं होतं? पळीतला एक थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावला होता. पळी तोंडाला लावली नव्हती. कामाचा चौथा दिवस होता. त्या घरात मीठ किती लागतं ते मला अजून कळलं नव्हतं, म्हणून बघितलं. एवढंच.

मी बोलत नाहीच. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथंही उत्तर येत असताना कधी हात वर केला नाही. पातेलं दोनदा घासलं. पुन्हा डाळ शिजायला लावली.

घर शनिवार पेठेत. मी राहते खडकीला. नवरा ठेकेदाराकडे कामाला, आज काम आहे, उद्या नाही. काकूंचं घर पक्कं होतं. दोन वेळचा स्वयंपाक, बारा महिने. ते हातचं गेलं तर आमच्या घरचं काय होईल, हे मला पातेलं घासतानाच माहीत होतं. म्हणून मान खाली.

पण डाळ डोळ्यासमोरून जाईना. तेवढी डाळ आमच्याकडे दोन दिवस जाते. पहिल्या दिवशी घट्ट वरण. दुसऱ्या दिवशी त्यात पाणी वाढवायचं, कणकेचे तुकडे सोडायचे, वरणफळं. चौघांचं पोट भरतं.

मीच माझी समजूत घातली. काकूंच्या घरी आधी नैवेद्य दाखवतात, मग पानं वाढतात. देवाच्या आधी कुणी चाखायचं नसेल. पटलं मला. शेजारणीला तर मी कौतुकानं सांगितलं, किती पाळतात बघ.

मग न चाखता स्वयंपाक करायला शिकले. लोक म्हणतात मीठ वासानं कळत नाही. कळतं. उकळी आली की वाफेवर नाक धरायचं. अळणी आमटीची वाफ जरा गोडसर येते. भाजीला सुटलेलं पाणी बघायचं. मीठ चिमटीत घ्यायचं, आणि चिमूट रोज तेवढीच. चुकलं तर काकू जेवताना म्हणायच्या, "आज समुद्र आणलास का गं?" मी ऐकून घ्यायची. मीठ जास्त पडल्याचं त्यांना जेवताना कळायचं, मला त्यांच्या तोंडून.

असे चार-पाच महिने गेले. मग त्यांची लेक माहेरपणाला आली.

मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होते. लेक आली. कढीत चमचा बुडवला, तोंडात घातला, तोच चमचा पुन्हा कढीत. काकू बाजूलाच होत्या. हसल्या. म्हणाल्या, "हावरट कुठली." आणि तीच कढी वाटीत काढून देवापुढे ठेवली.

माझा हात थांबला.

त्या दिवसापासून मी बघायला लागले. काका भाजीतली बटाट्याची फोड उचलून खायचे. काकू स्वतः सणाच्या दिवशी पुरणाचा गोळा तोंडात टाकून बघायच्या. नैवेद्याच्या आधी. देवाला कुणाचंच काही वाटत नव्हतं.

पहिल्या दिवशी काकूंनी माझं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं होय." पुढं काही नाही. कामाला माणूस मिळत नव्हतं, म्हणून ठेवलं असेल. ते 'असं होय' आणि ती सिंकमधली आमटी मी आता शेजारी शेजारी ठेवून बघितली.

माझा विश्वास उडाला. एकदा उडाला की सगळ्यावरचा उडतो. काकूंनी जुनी साडी दिली, तर मी घरी जाऊन ती उलटसुलट करून बघितली, का दिली असेल. लवकर जा म्हणाल्या, तर वाटलं, मी गेल्यावर घरातलं काही कमी झालंय का ते बघायचंय यांना.

एका दुपारी म्हणाल्या, "तुमच्याकडे घरात काहीच नसलं की काय करता गं?"

मी घाबरले. वाटलं, डब्यातलं पीठ कमी झालंय म्हणून विचारतायत. जपून बोलले. म्हटलं, पीठ असतंच. उकडपेंडी करतो. कशी करतात ते त्यांनी विचारलं. सांगितलं. तेलात मोहरी, कांदा, मिरची. कणीक लालसर होईपर्यंत भाजायची. हळद, मीठ. मग पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवायचं. एक कढई, एक चमचा. माझ्या माहेरी, वाशीमकडे, घराघरात करतात. काकू लिहून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी कण्या विचारल्या. मग चून, म्हणजे आमच्याकडचं पातळ पिठलं. मी सांगत गेले आणि मनात विचारत गेले, हिला कशाला हवंय हे? हिच्या डब्यात बदाम आहेत.

पंधरा दिवसांनी कळलं. त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी वर्ग सुरू झाला. खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलामुलींसाठी, ज्यांना काही येत नाही आणि ज्यांच्या खिशात फार नाही. एका शेगडीवर, कमी खर्चात, पोटभर. काकू शिकवणार. मी कांदे चिरायला, ढवळायला, भांडी घासायला.

मुलं चांगली होती. आठ-दहा जणं. एकाला कुकरची शिटी झाली की मागं पळायची सवय. एक मुलगी वाशीमचीच निघाली. कुठल्याशा कंपनीत नवी लागलेली, स्वारगेटजवळ चार जणींत एक खोली. रात्री बिस्किटं खाऊन झोपायची.

पहिल्या रविवारी उकडपेंडी. काकू म्हणाल्या, हा जुना पदार्थ आहे, आता कुणी करत नाही. मी आदल्या रात्रीच केला होता.

वाशीमच्या मुलीनं वास घेतला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. कढईतली थोडी चमच्यावर घेऊन माझ्यापुढं केली. "मावशी, बघा ना, झालं का?"

मी काही करायच्या आत काकू म्हणाल्या, "तिला नको. तिचा उपास आहे."

उपास नव्हता. तरी मी हो म्हणून मान हलवली.

दुसऱ्या रविवारी मुगाची खिचडी, पालक देठासकट चिरून घातलेला. पुन्हा तेच. उपास. तिसऱ्या रविवारी ज्वारीच्या कण्या. ताकात कालवून वाटी पुढं आली. उपास. तो कुकरला घाबरणारा मुलगा म्हणाला, "मावशी, तुमचे देव तरी किती आहेत? सगळ्यांना रविवारच दिलाय?" सगळे हसले. काकूही हसल्या.

मीही हसले. माझं ते हसणं मी अजून माफ केलेलं नाही.

त्या दिवशी हॉल झाडताना खुर्चीवर एक कागद सापडला. काकू दर वर्गाला छापील कागद वाटायच्या, मला कधी दिला नव्हता. मला वाचता येत नसेल असंच त्यांना वाटत असणार. घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि बसमध्ये बसून वाचला. बोट ठेवून वाचते मी, एकेक शब्द. कण्यांची कृती माझीच होती. ज्वारी भरडून कोमट पाण्यात भिजत घालायची, हेही माझंच. सगळ्यात खाली जाड अक्षरात होतं, नवशिक्यांसाठी पहिला नियम: चाखल्याशिवाय कुणाला वाढू नका. मीठ जिभेला विचारून घाला.

पुन्हा वाचलं. बस खडकीला आली तरी माझं तेवढ्या दोन ओळींतच चाललं होतं.

म्हणजे चाखणं वाईट नव्हतं. चाखणं तर पहिला नियम होता. काल आलेल्या, कांदा कसा धरायचा ते माहीत नसलेल्या पोरांना तो लागू होता. तेरा वर्षांची असल्यापासून चुलीपुढं बसलेल्या मला नव्हता. माझी कृती त्यांच्या तोंडाला चालत होती. माझी जीभ नाही.

ती आमटी मी खराब केली नव्हती. आमटी चांगली होती. मीठ बरोबर होतं.

चौथा रविवार. चून. बेसनाचं, पातळसर, लसणाची फोडणी. वाशीमच्या मुलीची पाळी होती. ती म्हणाली, तिचं चून एकतर खारट होतं नाहीतर अळणी, मधलं काही येतच नाही. गाठी होऊ न देता चांगलं ढवळलं तिनं. मग चमच्यावर घेतलं, फुंकर मारली आणि माझ्यापुढं धरलं. बाकीच्यांना आता सवय झाली होती. कुणी बघतही नव्हतं.

"तिला नको," काकू म्हणाल्या. "उपास असतो तिचा."

घर आठवलं. नवऱ्याचं काम तेव्हा बंद होतं. मान हलवायची होती फक्त.

"माझा उपास नाही," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक आला की मला वाटलं, मनातच म्हटलं. पण काकूंनी ऐकलं होतं. मी तळहात पुढं केला. मुलीनं त्यावर चून घातलं. मी चाखलं. सगळ्यांसमोर, सावकाश. गरम होतं, जीभ भाजली.

"मीठ कमी आहे," मी मुलीला म्हटलं. "अजून अर्धी चिमूट टाक."

तिनं टाकलं. काकू पुढं आल्या. शांतच होत्या. कढईवर ताट झाकलं आणि दोन्ही कान फडक्यानं धरले. म्हणाल्या, हे राहू दे मुलांनो, नीट झालं नाही, आपण दुसरं करू.

सिंक हॉलच्या कोपऱ्यात होतं. कढई कुठं चालली ते मला कळलं. माझ्याशिवाय तिथं कुणालाच कळलं नाही.

मी कढईवर हात ठेवला. ताटावर, वरून. ताट तापलेलं होतं.

"सांडणार असाल तर का सांडताय ते यांना सांगा," मी म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग मुलांकडे. मुलं हातातले चमचे घेऊन उभी होती. काकूंनी कढई सोडली. हात फडक्याला पुसले. "आपण फारच शिकलात," एवढं म्हणाल्या आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. कारण त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, कधीच नाही.

मुलीनं ताट काढून भाकरीबरोबर चून खाल्लं. माझ्या बाजूनं खाल्लं की भुकेनं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दोघं जण फोनमध्ये बघत बसले. कुकरवाला मुलगा म्हणाला, त्याला बुधवार पेठेत चार्जर घ्यायचा आहे, आणि गेला. जाताना माझ्याकडे बघायचं त्यानं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. आजपासून येऊ नको. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर मी नुसत्या पोळ्या करायची, तेही काम चार दिवसांत गेलं. म्हणाले, आम्ही आता बाहेरून पोळ्या आणतो. मी विश्वास ठेवला नाही. दुसरं घर मिळेपर्यंत आम्ही उकडपेंडी खाल्ली, चून खाल्लं, कण्या खाल्ल्या. नवरा म्हणाला, एक वेळ मान हलवली असती तर काय झालं असतं? मी कढईत पाण्याचा हबका मारला. चार वेळा हलवायची होती, पाच वेळा, आणि मग जन्मभर.

आता मी नव्या घरी गेले की आडनाव विचारायच्या आधी मीच विचारते. मी चाखून स्वयंपाक करते, चालेल का? काही जण म्हणतात कळवतो. ते कळवत नाहीत. काही जण म्हणतात, अहो, चाखा की, त्यात काय. त्यांच्यावरही माझा विश्वास नाही. पहिल्या दिवशी मी पळीतला थेंब त्यांच्यासमोर तळहातावर घेते. तो जिभेला लावताना मी पातेल्याकडे बघत नाही, त्यांच्या तोंडाकडे बघते. माणूस तोंडानं काहीही म्हणतो, पण त्या एका क्षणात त्याचं नाक, त्याचा ओठ खरं सांगतो. आणि नंतर ते जेवतात की नाही, तेही मी भांडी आवरायच्या निमित्तानं थांबून बघते.

जिथं ओठ वाकडा होतो, तिथं मी दुसऱ्या दिवशी जात नाही. पैसे बुडाले तरी जात नाही. घरात पीठ नसलं तरी जात नाही.