चौदा हिरवे दिवस

किस्से गोळा करायला मी कधी गेलो नाही. आमच्या ऑफिसच्या पँट्रीत न विसळलेले कप साचतात ना, तसे ते आपोआप साचतात. एक दिवस बघावं तर नवीन ठेवायला जागा नाही! म्हणून आज थोडे विसळून टाकतो.

आधी काम सांगतो, नाहीतर काही कळायचं नाही. लोअर परळला एका जुन्या मिलच्या आवारात आमचं काचेचं ऑफिस आहे. लिनक्सवर बेतलेली एक ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही बनवतो, ती कचेऱ्यांमधल्या कॉम्प्युटरवर चालते. रोज सकाळी आम्ही यायच्या आत एक मशीन ती सिस्टिम स्वतःच उघडतं, माणसासारखी बटणं दाबत जातं आणि समोर आलेली प्रत्येक स्क्रीन आमच्याकडे जपून ठेवलेल्या फोटोशी ताडून बघतं. जुळली तर टेस्ट हिरवी, नाही जुळली तर लाल. ते फोटो ताजे ठेवणं हे माझं काम.

हे आईला समजावण्यात माझे दोन रविवार गेले. शेवटी तिने आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत जाहीर केलं, "मंदार कंपनीचे फोटो सांभाळतो."

दुसऱ्याच दिवशी परबकाकू दारात! "अरे, आमच्या शीतलचा स्थळासाठी एक फोटो काढून दे ना."

"काकू, मी कॉम्प्युटरच्या स्क्रीनचे फोटो बघतो. माणसांचे नाही."

"वा रे! मशीनचा जमतो आणि माणसाचा जमत नाही?"

काढला बाबा. महिन्याभराने काकू पुन्हा दारात. "मुलाकडचे म्हणतात, मुलगी फोटोशी जुळत नाही!"

आता काय सांगू? ऑफिसात मी रोज सकाळी हेच ऐकतो.

*

आमचा डिझायनर बंगळुरात बसतो. एके दिवशी त्याने सगळ्या खिडक्यांच्या वरच्या पट्टीचा राखाडी रंग किंचित फिका केला. कोणाला सांगितलं नाही, विचारलं नाही. सकाळी येऊन बघतो तर तीनशेच्या वर टेस्ट लाल!

मी फोन लावला. "अरे, फरक डोळ्यांना दिसतो तरी का?"

"डोळ्यांना नाही दिसत," तो शांतपणे म्हणाला.

"मग बदललास कशाला?"

"फ्रेश वाटतं!"

त्याच्या ताजेपणापायी मला तीनशे फोटो नव्याने घ्यायचे होते, आणि आमचे मॅनेजर निखिल सर दर तासाला येऊन "झालं का?" विचारत होते. पहिले चाळीस मी एकेक नीट बघितले. मग डोळे फिरले. पुढच्या सगळ्यांना एकदम टिकमार्क करून मी 'स्वीकारा' हे बटण दाबलं आणि जेवायला गेलो. ह्या बटणाची आठवण ठेवा, मला ती ठेवावीच लागली.

*

आमच्या टीममधली सायली नवीन होती तेव्हाची गोष्ट. तिने घेतलेल्या फोटोत स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळही आलं, आणि त्यात वाजले होते अकरा चाळीस. झालं! ती टेस्ट फक्त अकरा चाळीसला हिरवी व्हायची, एरवी लालच. आम्ही आठवडाभर डोकं फोडलं, तेव्हा कुठे घड्याळ लक्षात आलं.

सायली रडवेली झाली. "सर, मी फोटोतून घड्याळ वगळते. पाच मिनिटांचं काम आहे."

निखिल सरांनी थोडा विचार केला. "कशाला हात लावतेस? रोज अकरा चाळीसलाच चालवा ना!"

महिनाभर चालवली हो आम्ही!

*

निखिल सरांचं एक सांगायलाच हवं. माणूस वाईट नाही, पण हिरव्याचा भयंकर नाद. रिसेप्शनला त्यांनी भलामोठा टीव्ही लावून घेतलाय, त्यावर सगळ्या टेस्टचे ठिपके दिसतात. एखादा लाल झाला की त्यांचं एकच औषध, "परत चालव." पुन्हा लाल आला तर पुन्हा परत चालव. कधी ना कधी मशीनही कंटाळतं आणि हिरवा देतं.

मध्यंतरी त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी तेलकट बंद करायला सांगितलं. आठवड्याने बघतो तर सर पँट्रीत वडापाव हाणतायत!

"सर, पथ्य?"

"अरे, तिसऱ्या लॅबमध्ये नॉर्मल आलं!"

*

ह्या सगळ्यात डोळ्यांनी स्क्रीन बघणारा एकच माणूस उरला होता, आमचे तावडेकाका. राहणार लालबाग, मूळ गाव मालवणजवळ, रिटायर व्हायला तीन वर्षं बाकी. त्यांचे वडील ह्याच आवारातल्या मिलमध्ये कापड तपासायला होते. काका म्हणायचे, "बाबा उजेडात धरून ताग्यातला दोष बघायचे. मी स्क्रीनमधला बघतो. जागा तीच, फक्त लिफ्ट आली."

मी नवीन असताना कामाची अक्कल मला त्यांनीच दिली. काका दोष आधी वहीत लिहीत, मग कॉम्प्युटरवरच्या दोषांच्या यादीत टाकत. त्यांची भाषा त्यांचीच असे. एकदा लिहिलं, "बटण आहे. पण दाबायची भीती वाटते."

निखिल सर भडकले. "काका, भीती मोजता येते का? टेस्ट हिरवी आहे, मी ही नोंद बंद करतो."

मी जाऊन बघितलं. 'जतन करा' आणि 'पुसून टाका' ही दोन बटणं एकमेकांना चिकटून होती, रंगही एकच. पुढच्याच आठवड्यात निखिल सरांनी स्वतःचं अख्खं प्रेझेंटेशन पुसून टाकलं!

काका माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाले, "मेल्या, म्हणान सांगत होतंय."

*

आणि मग वरून एक मेल आला. सलग चौदा दिवस सगळ्या टेस्ट हिरव्या राहिल्या, तर माणसाने तपासण्याचं काम बंद होणार. काकांसाठी 'दुसरीकडे काही बघू' असंही त्यात होतं. आमच्याकडे 'दुसरीकडे' म्हणजे घरी, हे लिफ्टमनलासुद्धा माहीत आहे.

बरं, टेस्ट हिरव्या ठेवायच्या कोणी? मी! म्हणजे मी माझं काम चोख करायचं आणि काकांना घरी पाठवायचं. इतका घाणेरडा पंधरवडा माझ्या नोकरीत दुसरा आला नाही. रोज सकाळी टीव्हीवर हिरवे ठिपके बघून निखिल सर खूश, आणि मला काकांच्या टेबलाकडे बघवत नव्हतं.

दहाव्या दिवशी सायली माझ्या कानाशी आली. "मंदार, एक टेस्ट पाड ना. कोणाला कळतंय?"

खरं सांगतो, मी एक फाईल उघडलीसुद्धा होती. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला.

"काय करतोस रे?"

 त्यांनी स्क्रीन बघितली आणि त्यांना कळलं.

"बंद कर ते. माझ्यासाठी खोटं लाल करशील, तर उद्या तुझं खरं लाल कोण मानणार?"

मी फाईल बंद केली. काका त्यांचा डबा घेऊन पँट्रीत गेले.

*

चौदावा दिवस. नेमक्या त्याच दिवशी आमची सिस्टिम घेणाऱ्या एका मोठ्या कचेरीच्या अधिकारी मॅडम पाहणीला आल्या. निखिल सरांनी त्यांना टीव्हीसमोरच बसवलं. सगळे ठिपके हिरवेगार! आम्हीही मागे उभे होतो, काका सगळ्यात शेवटी.

"मॅडम, आज चौदावा दिवस. आमच्याकडे आता माणसाने बघायची गरजच उरली नाही!" निखिल सर म्हणाले.

"छान," मॅडम म्हणाल्या. "मराठीत दाखवा."

निखिल सरांनी समोरच्या लॅपटॉपवर भाषा मराठी केली. स्क्रीन बदलली आणि अक्षरांच्या जागी चौकोन आले. रिकामे चौकोन. ओळीत, शिस्तीत, वरपासून खालपर्यंत! मागे टीव्हीवर मराठीची टेस्ट हिरवीच होती.

मी मागच्या टेबलावर जाऊन जपून ठेवलेला फोटो उघडला. फोटोतही चौकोन! राखाडी पट्टीपायी नवीन फोटो घेतले त्याच आठवड्यात कोणीतरी मराठीचा फॉन्ट चुकून काढून टाकला होता, आणि तो फोटो स्वीकारणाऱ्याचं नाव खाली स्वच्छ लिहिलेलं होतं. माझं! 

"हे कोणीच बघितलं नाही?" मॅडमनी विचारलं.

 मग मागून काका म्हणाले, "बघितलं होतं, मॅडम." त्यांनी वही पुढे केली. चार वेगवेगळ्या तारखांना एकच ओळ, "मराठीत चौकोन दिसतात." प्रत्येक ओळीसमोर निखिल सरांचं उत्तर काकांनी इमानदारीने उतरवून ठेवलं होतं, "टेस्ट हिरवी आहे. बंद."

मॅडमनी चारही ओळी सावकाश वाचल्या. "आजच्या आज दुरुस्त करा. मी इथेच बसते."

मग काय धावपळ! चहा आला, बिस्किटं आली. सायलीने फॉन्ट परत टाकला, मी टेस्ट चालवायला सोडल्या. अर्ध्या तासाने निखिल सरांनी पुन्हा मराठी निवडलं आणि स्क्रीनवर ठसठशीत अक्षरं उमटली. 'आपले स्वागत आहे.' मॅडमनी मोठ्याने वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, निखिल सरांनी सगळ्यात जोरात.

टाळ्या थांबायच्या आत टीव्हीवर मधोमध एक ठिपका लाल झाला. मराठीचा! जपून ठेवलेल्या फोटोत अजून चौकोनच होते ना.

"आता हे काय?" मॅडमनी विचारलं.

निखिल सर माझ्याकडे वळले. सवयीने त्यांचं तोंड 'परत चालव' म्हणायला उघडलं. मग त्यांना मॅडमच्या मांडीवरची वही दिसली. तोंड मिटलं. ते हळूच मागे वळले.

"काका, तुम्ही... जरा बघता का?"

काकांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या आणि डोळ्यांवर चढवला.

"बघतो ना सर. पण नीट बघायला वेळ लागेल." ते खुर्ची ओढून बसले. "तीन वर्षं तरी."