बेटावरची तिसरी शिट्टी

माझ्या साडूने मला फसवलं. पैशात नव्हे, पैशात मला फसवणारा अजून जन्माला यायचाय. त्याने मला फसवलं ते एका उडत्या सरड्यात.

शॉमबर्गमध्ये माझं टाइल्सचं दुकान आहे. ग्रीन कार्ड हातात पडलं त्याच आठवड्यात साहेबाशी भांडून नोकरी सोडली आणि घासाघीस करत इथवर आलो. साडू पाच तासांवरच्या नोव्हाय गावात, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या डोक्यात एक वेड शिरलं होतं. पॅसिफिकमधल्या आडबाजूच्या बेटांवर डायनोसॉरांच्या काळातले उडते सरडे अजून जिवंत आहेत म्हणे. कातडी पंख, लांब शेपटी, अंधारात चमकणारं पोट. शास्त्रज्ञ म्हणतात, ती मोठी वटवाघळं. माझी मुलगीही तेच म्हणते, "बाबा, दे आर जस्ट बॅट्स!"

मीही हसायचो. मग एकदा साडूने एका बेटावरच्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ दाखवला. म्हातारा दोन्ही हात पसरून पंख केवढे ते दाखवत होता. माझा जन्म गिऱ्हाइकांचे चेहरे वाचण्यात गेलाय. हा माणूस काही विकत नव्हता. मी म्हटलं, "साडूभाऊ, निघू या."

दोघं आणि दोघांच्या बायका. वाटेत मी त्याला सगळं दिलं. बोटीतली पुढची जागा त्याची, धड मच्छरदाणी त्याची, शेवटची चकली त्याची. बदल्यात एकच मागितलं: संध्याकाळच्या टेहळणीची पाळी. कारण सरडा डोंगरातून समुद्राकडे निघतो तो दिवेलागणीला, असं बेटावर जो तो सांगत होता. शिवाय ज्याला दिसेल त्याने दुसऱ्याला हाक मारायची, असं ठरलं. हातावर हात मारून ठरलं.

त्या संध्याकाळी बायकोने झोपडीमागे छोट्या गॅसच्या शेगडीवर खिचडीचा कुकर चढवला. हो, कुकर. आमच्या घरातून कुकरशिवाय कोणी प्रवासाला निघत नाही. मग ती आणि तिची ताई झऱ्यावर आंघोळीला गेल्या. जाताना म्हणाली, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. भावोजी, यांच्यावर लक्ष ठेवा."

मी वाळूत दुर्बीण लावून बसलो. पहिली शिट्टी झाली, गावातल्या कोंबड्या सैरावैरा पळाल्या. दुसरी झाली. मग जरा थांबून तिसरी, लांबलचक, शेवटाला चिरकलेली.

"झाल्या तीन. जा," साडू म्हणाला.

"पाळी माझी आहे. तुम्ही जा."

"कुकर कोणाचा? आमचा तर नोव्हायला आहे."

दुर्बीण त्याच्या हातात देऊन मी धावलो. परत आलो तर हा गुडघाभर पाण्यात पँटसकट उभा, तोंड उघडं.

"गेला," तो म्हणाला.

"कोण गेला?"

"तो! एवढा! डोक्यावरून गेला हो!"

"मग हाक का नाही मारलीत?"

"तोंडातून शब्दच फुटेना."

हा माणूस दाताच्या डॉक्टरकडे आ वासूनसुद्धा बोलत असतो! मी वाळू लाथाडली, आकाशाला शिव्या दिल्या. त्यात खिचडीची डाळ कच्ची निघाली आणि बायकोने उरलीसुरली अब्रू काढली.

परत आल्यावर नोव्हायच्या मराठी मंडळाने साडूचं भाषण ठेवलं. हॉल भरलेला. हा पंख दाखवायला हात पसरतोय, तर पहिल्या रांगेतल्या काकूंचा चष्मा उडतोय. शेवटी म्हणतो कसा, "त्या ऐतिहासिक क्षणी आमचे साडूभाऊ कुकर बंद करत होते." हॉल हसून कोसळला.

शेजारून बायको पुटपुटली, "तोही धड नाही. दोन शिट्ट्यांतच बंद केला. माझ्या कुकरात तीन शिट्ट्यांना डाळ कधी कच्ची राहत नाही."

मी ताडकन उठलो. दोन?

"साडूभाऊ! डाळ कच्ची होती! कुकरने दोनच शिट्ट्या दिल्या, मग तिसरी कोणी दिली?"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. "तुम्ही पाहिलात, पण आधी मी ऐकला! आपणहून ओरडला तो, आणि मी गॅस बंद करायला गेलो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी शिट्टीही मारली. साडूने माइक धरला आणि म्हणाला, "वडे गार होतायत, आधी खाऊन घेऊ." निम्मा हॉल उठला.

शॉमबर्ग येईपर्यंत मी गाडीत ती शिट्टी काढून दाखवत होतो, शेवटाला चिरकणारी. बायको हसून हसून रडत होती. मुलीला फोन लावून ऐकवली, तर म्हणाली, "बाबा, बॅट्स डोंट व्हिसल."

झालं! साक्षीदार माझ्याच घरातला.

आता एवढंच राहतं. साडू कॉलेजात शिट्ट्यांसाठी प्रसिद्ध होता, हे मला ठाऊक आहे. तेव्हा ती शिट्टी त्याने स्वतः मारली असेल, तर तो लबाड. नसेल मारली, तर त्या प्राण्याचा पहिला साक्षीदार मी. मधली वाट नाही, आणि वडे मध्ये आणायचे नाहीत. त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर, त्याच काकूंसमोर त्याने सांगावं: साडूभाऊ, तिसरी शिट्टी कोणाची?