मांडीतले चार भाऊ

दमयंती म्हात्रे पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. दार सुलभाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी उघडलं. ही पोरगी आत आली, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून माझ्या मांड्यांकडे बघत उभी राहिली. फिजिओथेरपिस्ट म्हणून डॉक्टरांनी पाठवलेली ही मुलगी माझ्या मुलापेक्षाही लहान. जरा वेळाने म्हणाली, "डावी मांडी केवढीशी झालीय! काका, घरचे लई माया करतात वाटतं?"

"करतात. तुझं काय गेलं त्यात?" मी खेकसलो.

"माझं काय जातंय? मांडी तुमची गेली."

आता या मायेचं सांगतो. कोपरखैरण्यातली आमची इमारत चार मजली, लिफ्ट नाही, आणि आम्ही नेमके चौथ्यावर. दिवाळीचा कंदील लावताना स्टुलावरून पडलो आणि डाव्या मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. ऑपरेशन झालं, हाडही नीट जुळलं, पण पाय काही उभा राहीना. राहणार कसा? पाणी हातात, ताट मांडीवर, उठायचं म्हटलं की सुलभा काखेत हात घालून मला वर ओढणार. तपासणीला न्यायचं असलं की सोसायटीतले चौघे मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिना उतरवत, आणि दुसऱ्या मजल्यावरची कार्टी मागून "मोरया!" म्हणून ओरडत. आयुष्यभर बँकेत लोकांवर डाफरलेला माणूस मी. वरवर हसायचो, पण आतून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यात आमचा निलेश. तो पुण्याला असतो, आठव्या मजल्यावर, दोन-दोन लिफ्ट. "बाबा, हा फ्लॅट विकू आणि तुम्ही दोघं इकडे या. गिऱ्हाईक तयार आहे," असं त्याने फोनवर लावूनच धरलं. पोराचं चुकत नव्हतं हो, पण सुलभाचा सगळा गोतावळा इथे, आणि पुण्यात मला कुत्रंही ओळखत नाही. शेवटी निलेश म्हणाला, "होळीला येतो. तुम्ही आपल्या पायांनी खाली उतरून परत वर आलात, तर विकायचा विषय पुन्हा काढणार नाही." नुकतीच संक्रांत झाली होती. मी दमयंतीला सांगितलं.

"होळीपर्यंत? होईल की," ती म्हणाली. "पण माझ्या पद्धतीनं."

तिची पद्धत म्हणजे पेशंटला हात लावायचा नाही. हात पाठीमागे का बांधतेस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "माझे हात लई मदत करणारे आहेत काका, सोडले की धावतात. मग स्नायू म्हणतो, बरं झालं, ही करतेय, मी झोपतो." शिकवायचीही अशीच. एकदा दंड वाकवून दाखवत सांगू लागली, "स्नायू कधीच ढकलत नाय. त्याला एकच काम येतं, आखडायचं आणि हाडाला आपल्याकडे ओढायचं. पुढच्यानं ओढलं की हात वाकला. सरळ करायचाय? मग मागच्यानं ओढायचं. आणि एक ओढत असला की दुसऱ्यानं सोडायचं. दोघंही हट्टाला पेटले तर हात जागचा हलत नाय. संसारच आहे हा."

स्वयंपाकघरातून सुलभाचं हसणं ऐकू आलं. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

मांडीच्या पुढच्या स्नायूंना ती 'चार भाऊ' म्हणायची. "तिघांचं बिऱ्हाड मांडीच्या हाडावर. चौथा जरा वरच्या घरचा, थेट कमरेवरून येतो. पण गुडघ्याच्या वाटीपाशी चौघांची दोरी एकच. सगळ्यांनी मिळून ओढलं की गुडघा सरळ." बैठकीचा मोठा स्नायू म्हणजे तिचा 'शेठ'. अंगातला सगळ्यात थोराड, पण बसून राहायची खोड; खुर्चीतून उठताना आणि जिना चढताना त्यालाच हाक मारायची. खुब्याच्या बाजूचा एक तिचा विशेष लाडका होता. "एका पायावर उभं राहिलं की कंबर दुसरीकडे कलू देत नाय तो. त्याला कोणी विचारत नाय, पण तो रुसला की माणूस लंगडला." मग काय, हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, सकाळ-संध्याकाळ. मी चक्क ओरडायचो, "शेठ, उठा! भावांनो, लावा जोर!" शेजारच्या काकूंनी सुलभाला विचारलं, "तुमच्याकडे पाहुणे आलेत का गं?"

भाऊ हळूहळू उठायला लागले तसे आम्ही जिन्यावर आलो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हा तिचा नियम. पहिल्याच दिवशी मी कठडा पकडून भराभर अर्धा जिना चढलो आणि शाबासकीसाठी मागे वळून पाहिलं. बाईंचं तोंड वाकडं. "काका, हात चढतायत. पाय नुसते पाहुण्यासारखे मागनं येतायत." चोरी पकडली गेली. त्यानंतर कठड्यावर फक्त बोटं टेकवायची परवानगी मिळाली. एकदा माझा तोल जरा गेला आणि सुलभाने धावत येऊन मला कवटाळलं, तेव्हा मात्र दमयंतीच्या तोंडून तिची घणसोली गावची बोली बाहेर पडली, "सोडा त्यांना! येवढी माया करून पाय उठनार हाय का?" सुलभा रडकुंडीला आली. मग दमयंतीच तिच्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला भीती वाटते ते मला कळतं. पण तुमच्या भीतीचं वजन त्यांच्या पायावर पडतंय."

मला वाटायचं चढणं अवघड. पण खरी परीक्षा उतरताना. "गच्चीवरून गोणी दोरीनं खाली सोडताना कसं, धरायचंही असतं आणि सोडायचंही असतं," ती म्हणाली. "तसे हे भाऊ वजन धरून हळूहळू लांब होतात. एकदम सोडलं की गुडघा दुमडला." उतरताना ती माझ्यापुढे दोन पायऱ्या खाली, उलटी चालायची. एवढ्या वेळी तिचे हात पुढे यायचे, माझ्या अंगापासून वीतभर लांब. "पडलो तर?" मी विचारायचो. "धरीन. पण पडायची वाट बघत थांबू नका, मला घरी मासे साफ करायचेत."

होळीला निलेश आला. दमयंतीही आली. मी खाली उतरलो, गेटपाशी बाकावर बसून सगळ्यांशी गप्पा मारल्या आणि वर निघालो. दुसरा मजला झाला. तिसऱ्यावर डावी मांडी थरथरायला लागली. पुढची पायरी दिसत होती, पण पाय उचलेना. निलेश खालून म्हणाला, "बाबा, पुरे झालं. कशाला जिवाचे हाल?" माझ्या डोळ्यांसमोर पुण्याचा आठवा मजला उभा राहिला. मी वर पाहिलं. सुलभा दारात उभी होती. तिचा हात पुढे आला, आणि मग तिनेच तो मागे घेतला, दोन्ही हात पाठीशी घट्ट धरले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना ओरडली, "शेठ, उठा!"

अख्खा जिना हसला. मीही हसलो, आणि त्या हसण्यात पाय उचलला गेला. पुढच्या पायऱ्या कशा चढलो, देव जाणे. दारात पोचलो तर मागे निलेशचा पत्ता नाही. बऱ्याच वेळाने कठड्याला लोंबकळत, धापा टाकत वर आला आणि माझ्याच खुर्चीत कोसळला. दमयंतीने त्याच्या मांड्यांकडे बघितलं. "दादा, लिफ्टनं खाल्लं की तुम्हाला!" फ्लॅटचा विषय त्याने काढला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

त्या आठवड्यात दमयंतीने पिशवी उचलताना सांगितलं, "काका, आता मी येणार नाय." खरं सांगतो, मुलगी सासरी निघाल्यासारखं वाटलं. म्हटलं, "अगं, चहाला तरी येत जा."

"चहाला तुम्ही या. घणसोली गावात आमचं घर तिसऱ्या माळ्यावर हाय. जिना लई उभा, आनि लिफ्ट नाय."

पुढच्याच रविवारी गेलो, आम्ही दोघंही. तिच्या आईने चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण केलं होतं. पोटभर जेवलो आणि माझा मी खाली उतरलो.