धर्मपाल गार्डाच्या दोन काठ्या

एक काठी टेकत चालणारा म्हातारा कुणालाही समजतो. पण दोन काठ्या काखेत मारून नव्या रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यानं चालणारा धर्मपाल कुणालाच समजेना. आणि खरं सांगायचं तर, त्याचं त्यालाही समजेना.

मालगाडीचा गार्ड म्हणून चौतीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त झाला आणि गुडघ्यांनी संपच पुकारला, वर साखरेचा आजार. गेल्या फेब्रुवारीत डोंगरगडला प्रज्ञागिरीच्या, माथ्यावर बुद्धमूर्ती असलेल्या डोंगराच्या, पायथ्याशी तो चपलांच्या ढिगाजवळ बसून राहिला आणि बायको, माया, बाकीच्या बायकांबरोबर वर गेली. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. यंदा मायासोबत वर जायचंच, एवढं एकच मागणं होतं बिचाऱ्याचं.

म्हणून मुलानं, इंद्रजीतनं, डोंगर चढायच्या या काठ्या मागवल्या. डॉक्टर बाईंनीही मान डोलावली. काठ्यांनी मागे रेटा देत चाललं की दंड, खांदे, पाठ सगळेच कामाला लागतात, हृदयाला व्यायाम होतो, साखरेलाही बरं, आणि उतरताना गुडघ्यांवरचा भार हलका होतो. ऐकायला झकास. पण चालायचं कसं?

"पापा, डंडी पीछे टेको, पीछे से धक्का दो," इंद्रजीत रोज सांगायचा. काठी जायची पुढेच. जन्मभर लाल-हिरवे झेंडे धरलेला हात तो. दांडी हाती आली की समोर ताठ धरणार, नाहीतर काखेत मारणार. उजव्या पायाबरोबर डावा हात, हे आठवलं की पाय चुकायचा आणि पाय सांभाळला की हात. एकदा तर समोरून येणाऱ्या बससमोर काठी आडवी झाली आणि बस निमूट थांबली.

"मले काहीच समजून नाही राहिलं," घरी येऊन तो वैतागायचा. "साधं चालता येत होतं, तेही विसरलो."

"हव, मग बसा घरी," माया म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे बूट दाराशी आणून ठेवायची.

फेब्रुवारी आला. प्रज्ञागिरीच्या चढावर सुरुवातीला तोच घोळ. माया शेजारून नळाच्या पाण्याचं, कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होती. ऐकता ऐकता हातापायांनी आपलं आपणच जमवून घेतलं. दम लागला, चारदा थांबले, पण पोचले.

वर मूर्तीपुढे माया थबकलीच. "एवढी मोठी आहे?"

धर्मपाल गोंधळला. "काहून? मागच्या वर्षी पाह्यली ना तू?"

"कुठं पाह्यली," माया खाली बघत म्हणाली. "अर्ध्या वाटेवर बसून राह्यली होती मी. तुम्ही खाली एकटेच बसले होते ना. नाही जाववलं वर."

वर्षभर हिनं एका शब्दानं सांगितलं नाही. धर्मपालनं काठ्या बाजूला ठेवून हात जोडले, पण वंदना म्हणायची सोडून तो मायाकडेच बघत राहिला. मग मायानंच सुरुवात केली.